पटाचा ठसा

शंकरपटात बैल पळतात आणि माणसं भांडतात, ही तर जुनीच रीत. पण मागच्या साली भांडण असं पेटलं की बैल राहिले बाजूला आणि माणसांचीच डोकी फुटली. कोणाची जोडी जास्त जोरात पळाली यावरून बैल हाकायची काठी, तुतारी, उगारली गेली, एकाच्या कपाळाला टाके पडले, पोलीस आले आणि जाताना बजावून गेले, "पुढच्या साली एक जरी तंटा झाला तर तुमचा पट कायमचा बंद." अमडापुराजवळच्या त्या गावाचं नाव इथं घेत नाही. घेतलं तर तंटा आम्ही नाही, पलीकडच्यांनी सुरू केला, हे सांगायला दोन्हीकडची माणसं दारात येऊन बसतील.

तर अशा पटाची वेळ मोजायचं काम यंदा महामायाच्या गळ्यात पडलं.

महामाया ही जानराव गवंड्याची लेक. चिखलीच्या कॉलेजात संगणक घेऊन बी.एस्सी. झाली, पुण्यात वर्षभर नोकरी केली. तिथं 'मले' म्हटलं की शेजारच्या टेबलावरून हसू यायचं. मग आईचं, सिंधूताईचं, दुखणं निघालं आणि ती गावी परतली, ग्रामपंचायतीत संगणकावर बसली. जन्माचे दाखले, घरपट्टी, कोणाचं आधार, कोणाचा सातबारा. सकाळपासून टेबलापुढं माणसांची रीघ. "माया, एवढं करून दे वो." ती करून द्यायची, पण चहा कोणाचा घ्यायची नाही. चहा घेतला की उद्या त्याचं काम आधी करावं लागतं, हे तिनं पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं. नोकरी दरसाल नव्यानं मिळणारी, तीही गावानं मान हलवली तर. शेत नाही, पाठीशी मोठं घराणं नाही. तिच्याजवळ एकच गोष्ट होती: जानरावची पोरगी कोणाची बाजू घेत नाही, असं गाव म्हणायचं. तेवढ्या एका वाक्यावर तिचं घर चालत होतं म्हणा ना.

म्हणूनच जानराव तिला म्हणाला, "पोरी, बैलाच्या भांडणात शिरू नोको. जिकल तो म्हनीन बैलानं जिकवलं, हरल तो म्हनीन तूनं हरवलं."

पण विचारायला आले होते महादेवराव मास्तर. पट समितीचे अध्यक्ष. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळलेले, महामायाचेही. मास्तरांना नाही म्हणायची गावात पद्धत नाही. महामाया हो म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिला आतून हुरूपही आला होता. पुण्याहून येताना आणलेली विद्या नुसती दाखले छापण्यात गंजत होती.

समितीच्या बैठकीत तिनं सांगितलं ते असं. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना उजेडाची रेघ असेल. पहिली रेघ बैलांनी तोडली की घड्याळ सुरू, दुसरी तोडली की बंद. प्रत्येक जोडीची वेळ आपोआप फाईलीत उतरेल. दिवस संपला की त्या फाईलीचा ठसा काढायचा आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचा.

"ठसा म्हंजे?" रंगराव पाटलाच्या गोकुळनं विचारलं. गोकुळची जोडी तुफान-लाल्या. मागच्या साली भांडणात त्याच्याच बाजूचं कपाळ फुटलं होतं, म्हणून तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा.

"अंगठा कसा मानसाचा, तसा ठसा फाईलीचा," महामाया म्हणाली. "पायथन या संगणकाच्या भाषेमंधी हॅशलिब नावाची लायब्ररी, म्हंजे तयार प्रोग्रॅमची पेटी, हाये. फाईलीत जे काही असंन ते जसंच्या तसं तिच्या हाती द्यायचं, थे एक लांबलचक आकडा-अक्षराची ओळ काढून देते. फाईलीत आत एक टिंब जरी हललं तरी पूरी ओळच बदलते. अन् ओळीवरून उलटी फाईल बनवाच्या गोष्टी कोनीच करू नये."

"अन् तुह्या मशीननं लबाडी केली तं?"

"माह्या मशीनचं काई नाही त्यात. मुंबईतल्या मानसानं काढला तरी ठसा हाच येईन."

गोकुळला हे पटलं. पण लगेच तो म्हणाला, "मंग फाईल इच्याजवळ राहाले नोको. पेनड्राइव्ह मास्तराच्या कपाटात ठेवा, अन् लॅपटॉपवरची आमच्यासमोर पुसा." सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तरांनीही. मास्तरांवर विश्वास, कपाटावर विश्वास, फक्त काम करणारीवर नाही! महामायाला ते झोंबलं. पुसून टाकू, तिनं मनाशी म्हटलं, ठसा आहे ना.

पहिल्या दिवशी भागवतची जोडी, वजीर-पाखऱ्या, अशी काही सुटली की धूळ खाली बसायच्या आत घड्याळ बंद. भागवत हा चार एकरांचा धनी, चाळिशीचा, बैलांवर पोरांपेक्षा जास्त जीव. मांडवासमोरच्या विजेच्या पाटीवर आकडा उमटला तसा त्यानं बैलांच्या पायावर डोकं ठेवलं आणि तिथंच रडायला लागला. दिवस मावळायच्या आधी महामायानं फाईलीचा ठसा काढून ग्रुपवर टाकला. त्या अगम्य ओळीखाली गावानं हात जोडले, अंगठे दाखवले, एकानं तर 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं. मग समितीसमोर तिनं फाईल पेनड्राइव्हवर घेतली, मास्तरांच्या हातात दिली, आणि गोकुळ डोळे लावून बसला असताना लॅपटॉपवरची पुसली. कचराकुंडीतूनही काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोकुळची जोडी शेवटची. तुफान-लाल्या आले ते वावटळीसारखे. पाटीवर आकडा आला. भागवतपेक्षा किंचित जास्त, सेकंदाचा शंभरावा भाग. तेवढ्यासाठी वर्षभर पाजलेलं दूध पाण्यात!

गोकुळ सरळ समितीच्या मांडवात आला. "मले मान्य नाही. काल पाटीवर भागवतचा आकडा येगळा होता. माह्या चार मानसाईनं पायला. फाईलीत रातीतून बदलला असंन."

भागवतही आला. त्याच्या मागं त्याची माणसं, गोकुळच्या मागं गोकुळची. तुताऱ्या अजून खाली होत्या, पण मुठी आवळलेल्या. मास्तरांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि महामायापुढं ठेवला.

खरं तर महामायाला भीती वाटलीच नाही. उलट तिला बरं वाटलं, की आता यांना कळेल. तिनं माइक घेतला आणि गावभर बांधलेल्या भोंग्यांतून तिचा आवाज गेला. "कालचा ठसा सगळ्याईच्या फोनमंधी हाये. आता या फाईलीचा ठसा काढते. जुळला तं फाईल खरी. एक टिंब हललं असंन तरी जुळनार नाही. मंग कोनीच मले काही विचारू नका." शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण बोलली.

कळ दाबली. पडद्यावर ओळ आली. तिची सुरुवातच वेगळी होती.

तिनं पुन्हा दाबली. तीच ओळ. कालच्या ओळीतलं एकही अक्षर जागेवर नाही.

"काय झालं?" गोकुळ वाकला. त्यानं स्वतःच्या फोनमधला ठसा पडद्याशेजारी धरला, आणि तो इतका मोठ्यानं हसला की मागच्यांना न विचारताच समजलं. "नाही जुळत! बाईच बोलली, एक टिंब हललं तरी जुळत नाही. म्हंजे हलवलं! कालची फाईल बाद, भागवतचा आकडा बाद!"

आणि मग भागवतनं माइक ओढून घेतला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "गावकऱ्याईनो, आयका! माह्या वजीर-पाखऱ्यानं जिकलेला पट या बाईनं इकला! गोकुळच्या घरी इकला! जानरावची पोरगी विकल्या गेली!"

भोंगे बसस्टँडपर्यंत होते. बुद्धविहाराच्या खांबावरही एक होता, आणि त्याच्या खालीच महामायाचं घर. आत सिंधूताई बाजेवर पडलेली. महामायाच्या डोळ्यांपुढं ती बाज आली. विकल्या गेली. हे दोन शब्द गावात एकदा सुटले की परत येत नाहीत. उद्या टेबलापुढं येणारा प्रत्येक जण तिच्याकडे त्याच नजरेनं बघणार, आणि नोकरी गेली तर कारण विचारायलाही कोणी लागणार नाही.

मास्तर उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "गजानन महाराजाची शपथ घेऊन सांगतो, मी फाईलीतला एक आकडा बदलला नाही." आणि मास्तर खोटं बोलणार नाहीत, हे महामायालाही ठाऊक होतं. मग राहिलं कोण? तीच.

"मले फाईल उघडून पाहू द्या," ती म्हणाली.

"आता काय पायते?"

"पाहू द्या म्हनलं ना!" ती ओरडली. गावानं तिला ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. गोकुळ मागं सरला.

तिनं फाईल उघडली. जोड्यांची नावं, वेळा. वजीर-पाखऱ्या. आकडा तोच, काल पाटीवर आलेला, तिला पाठ होता. खालचे सगळे आकडे तिनं बोट ठेवून वाचले. सगळे बरोबर. मग हललं काय? मागं तुतारीचा कडकड आवाज झाला, कोणी तरी कोणाला ढकललं. तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. ॥ श्री गजानन प्रसन्न ॥, मग नावं, मग वेळा.

आणि ती थांबली.

श्री. पंचायतीतल्या प्रत्येक कागदावर श्री असतो. लग्नपत्रिकेवर, किराण्याच्या चिठ्ठीवर, पोरांच्या वह्यांवर. तिच्या घरी जानराव भावाला दोन ओळी लिहायला बसला तरी आधी 'जय भीम' लिहितो, मग मजकूर. कागदाच्या डोक्यावर काही असायचंच, म्हणून तिची नजर त्यावरून दोनदा सरकून गेली होती. पण ही फाईल माणसानं लिहिलीच नव्हती. ती घड्याळानं लिहिली होती, आणि घड्याळ श्री लिहीत नाही.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "हे वरतं तुमी लिहिलं?"

"हो," मास्तर म्हणाले. "सकाळी झेरॉक्सवाल्याकडं यादी छापाले गेलो होतो. पायलं तं वरती श्रीच नाही. बिनश्रीचा कागद मी जल्मात कोनाच्या हाती देला नाही, पोरी. तेवढं लिहिलं अन् सेव्ह केलं. आकड्याले हात लावला नाही." मग त्यांचा चेहरा उतरत गेला. "त्यानं थोडीच काई होते? देवाचं नाव हाये थे."

हॅशलिबला कुठं देव कळतो! तिच्या लेखी ती नुसती अक्षरं. महामायाला रडावं की हसावं कळेना. तिनं माइक घेऊन सगळं सांगितलं आणि म्हणाली, "ही ओळ काढली का ठसा जुळन."

मांडवातली गर्दी टेबलाकडे सरकली.

"कोनती ओळ?" मागून कोणी तरी विचारलं.

"श्रीची."

"श्री पुसते?" आवाज चढला. "देवाचं नाव पुसते हे?"

आणि आणखी मागून, तोंड न दाखवता, एक जण बोलला, "तिचं काय जाते पुसाले? तिचा देव थोडीच हाये!"

आता मात्र महामाया खरंच भ्याली. बैलांची गोष्ट होती तोवर ती बैलांची होती. हे वाक्य कुठवर जाऊ शकतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिचं बोट कळीवर होतं. एक कळ दाबायची, ओळ गेली, ठसा जुळला. आणि उद्या गावात काय सांगितलं जाईल? ठसा जुळला असं कोणी सांगणार नाही. पाण्याच्या टँकरपाशी उभ्या असलेल्या जानरावकडे तिनं पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली. नको.

तिनं हात उचलला. "मास्तर, तुमी लिहिलं. तुमीच काढा."

मास्तर पुढं आले. चष्मा सारखा केला, बोट कळीवर नेलं. बोट तिथंच राहिलं. "नाही होत माह्याच्यानं," ते म्हणाले. कोणीही त्यांना नावं ठेवली नाहीत. त्या मांडवातल्या कोणाच्यानंच ते झालं नसतं.

"मंग बाद करा फाईल!" गोकुळची माणसं ओरडली. "भागवत बाद!"

"थांबा!" महामायानं टेबलावर हात आपटला. रागानं, हो, चक्क रागानंच तिला ते सुचलं. पुसायचं कशाला? श्री राहू दे जागच्या जागी. फाईल हॅशलिबच्या हाती देताना वरची ओळ सोडून खालची द्यायची, बस. तिनं प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली, आणि काय केलं ते माइकवर सांगितलं. "श्रीले कोनी हात लावला नाही. पडद्यावर पाहा, हाये का नाही? फक्त ठसा त्याच्या खालून काढून राह्यली."

कळ दाबली.

जुळला नाही.

या वेळी गोकुळ हसलाही नाही. "आता बस झालं, बाई," तो म्हणाला, आणि ते शांतपणे म्हणणं जास्त वाईट होतं. भागवतनं गमछा कंबरेला आवळला. एकीकडून शिवी आली, दुसरीकडून तिला उत्तर. मांडवाचा एक खांब हलला. घड्याळानं लिहिलेलं, वर श्री, बाकी काही नाही. मग का? काय राहिलं? आपलंच कुठं चुकलं का? आपणच काल ठसा चुकीचा टाकला का? तसं असेल तर भागवत बोलला ते गावाला खरंच वाटणार, आणि आपल्यालाही तोंड उचलता येणार नाही.

ती मास्तरांकडे वळली. तेच तिला वर्गात अक्षर गिरवायला लावणारे मास्तर. "मास्तर, श्री लिहिल्यावर तुमी काय करता? जसं करता तसं सांगा. काहीच सोडू नका."

"काय करनार? श्री लिहितो. मंग एक ओळ कोरी सोडतो अन् लिहाले सुरू करतो." मास्तर जरा चिडलेच. "सोडाच लागते. देवाले चिटकून कोनी लिहिते काय? तुमाले शिकवलं नाही मी?"

शिकवलं होतं. तिसरीत असताना श्रीला चिकटून लिहिलं म्हणून त्यांनी तिचं पान फाडलं होतं.

पडद्यावर ती कोरी ओळ होती, दिसत असून न दिसणारी. महामायानं दोन ओळी सोडल्या. कळ दाबली, आणि या वेळी तिनं पडद्याकडे बघितलंच नाही. तिनं लॅपटॉप गोकुळकडे फिरवला. "तुमी वाचा. मी वाचत नाही. तुमच्या फोनशी लावा अन् तुमीच सांगा."

गोकुळनं फोन शेजारी धरला. एक एक अक्षर बोटानं मोजत, ओठ हलवत तो वाचायला लागला. भांडणाऱ्यांचेही हात थांबले. अर्ध्यावर तो अडखळला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शेवटच्या अक्षरावर त्याचं बोट थांबलं, आणि तो फोनकडे बघत राहिला. तो खोटं बोलू शकला असता. पण ठसा साऱ्या गावाच्या खिशात होता, आणि गोकुळ हट्टी असला तरी लबाड नव्हता.

"जुळते बे," तो म्हणाला. मग माइककडे तोंड करून, "जुळते. पूरा जुळते. पट भागवतचा."

मग काय विचारता! डफडं वाजलं, गुलाल उधळला, वजीर-पाखऱ्यांच्या शिंगांना हार पडले. ज्यांनी मुठी आवळल्या होत्या तेच एकमेकांच्या गळ्यात पडले. मास्तर खुर्चीत बसून डोळे पुसत होते. महामाया टेबलाला टेकली. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. निकाल लागला होता, आता तिचं काय काम? जानराव टँकरपाशीच उभा होता, तसाच.

भागवत गर्दीतून तिच्याकडे आला. अंगभर गुलाल, डोळ्यांत पाणी, एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात चिमूटभर गुलाल तिच्या कपाळाला लावायला. "माया," तो म्हणाला, "तुह्यामुळं झालं वो. घे, तोंड गोड कर."

महामायानं त्याचा हात कपाळाजवळ येऊ दिला नाही. "गुलाल मांगून," ती म्हणाली. "आंधी माइकवर जा, भागवतभाऊ. जे बोलले थे मांगं घ्या."

भागवत हसला, तिला ते खरं वाटत नसावं अशा थाटात. "अवो, रागात बोललो. सोड ना. सगळ्याईले समजलं आता."

"समजलं असंन. पन कोनी बोललं नाही."

डफडं वाजतच होतं. भागवतनं बैलांकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग त्यानं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, गमछ्यानं हात पुसले आणि माइक उचलला. डफडं हळूहळू थांबलं.

"जानरावच्या पोरीले..." तो पुटपुटला. घसा साफ केला. "मी जे बोललो, थे..."

"मोठ्यानं बोला, भागवतभाऊ," महामाया म्हणाली. "मघाशी मोठ्यानंच बोलले होते."